जुनी जपानी मोटरसायकल रोजच्या वापरासाठी: निवड, पारख आणि दुरुस्तीचा क्रम

जुनी जपानी मोटरसायकल घ्यायची म्हटलं की दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘नको त्या भानगडीत पडू.’ दुसरा म्हणतो, ‘पूर्ण खोल, एकेक नट नवा घाल, मगच रस्त्यावर काढ.’ मला दोन्ही पटत नाहीत. १९६९ मध्ये होंडाची सीबी७५० आली तेव्हापासून १९८५ च्या आसपासपर्यंतच्या या गाड्या लोकांनी रोज कामावर जायलाच घेतल्या होत्या. त्या नीट केल्या तर आजही रोज चालतात. पण ‘नीट’ करण्याला क्रम आहे. गाडी आधी थांबली पाहिजे, मग सरळ वळली पाहिजे, मग चालली पाहिजे आणि सगळ्यात शेवटी छान दिसली पाहिजे. नवखा माणूस नेमकं उलट करतो. टाकीला रंग आणि सीटला नवं कव्हर यांवर पैसे संपतात आणि गाडी वर्षभर स्टँडवर उभी राहते.

कुठली गाडी घ्यावी

पहिली गाडी एक किंवा दोन सिलिंडरची घ्या, चारच्या मागे लागू नका. चार सिलिंडर म्हणजे चार कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग), त्यांना इंजिनाशी जोडणारे चार इनटेक रबर आणि चार एक्झॉस्ट पाइप. आवाज गोड असतो, पण प्रत्येक काम चारदा करावं लागतं.

होंडाची सीबी३५० ट्विन (१९६८ ते १९७३) नवशिक्यासाठी उत्तम. हलकी आहे, समजायला सोपी आहे आणि भरपूर विकली गेल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. तिला कागदी ऑइल फिल्टर नाही. गोल फिरणाऱ्या एका वाटीत घाण साठते आणि ती वाटी उघडून पुसावी लागते. मागच्या मालकाने हे कधी केलं नसेल, तर कॅमशाफ्टची (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) झीज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यामाहाची एक्सएस६५० १९७० पासून १९८५ पर्यंत बनत राहिली. इंजिन दणकट, पण बॅटरी चार्ज करणारा फिरता चुंबक (रोटर) आणि त्याला वीज देणारे कार्बन ब्रश हा तिचा कच्चा दुवा. यामाहाचीच एसआर५०० एका सिलिंडरची, फक्त किकवर सुरू होणारी. तिची धाकटी बहीण एसआर४०० थेट २०२१ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे एसआरचे बरेच भाग मिळवणं इतर जुन्या गाड्यांपेक्षा सोपं जातं.

चार सिलिंडरचाच हट्ट असेल तर सुझुकीची जीएस मालिका बघा. १९७६ ला आलेल्या जीएस७५० चं क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) रोलर बेअरिंगवर फिरतं आणि ते इंजिन लवकर हार मानत नाही. जीएस८५० ला तर चेनच नाही, शाफ्ट आहे. रोज पावसाचिखलातून जाणाऱ्याला ती फार सोयीची. या मालिकेचं दुखणं इंजिनात नाही, विजेत आहे. त्यावर पुढे येतोच.

होंडाची सीएक्स५०० पण रोजच्या वापराला छान आहे. पाण्यावर थंड होणारं इंजिन, शाफ्ट, टिकाऊपणा, सगळं आहे. पण तिचा स्टेटर (बॅटरीसाठी वीज तयार करणारी स्थिर कॉइल) इंजिनाच्या मागच्या बाजूला बसवलेला आहे. तो गेला तर आख्खं इंजिन उतरवावं लागतं. स्टेटर बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च मनात धरूनच भाव करा.

काव्हासाकी एच१, यामाहा आरडी३५० यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांवर जीव जडतो हे मला मान्य आहे. पण क्रँकचे सील गेले तर पूर्ण इंजिन फोडावं लागतं, आणि पेट्रोलही भरपूर लागतं. त्या दुसरी गाडी म्हणून घ्या.

मॉडेल कुठलंही असो, एक नियम पाळा: चमकणारी गाडी शोधू नका, पूर्ण गाडी शोधा. साइड पॅनल, एअर बॉक्स, मूळ सायलेन्सर, टाकीवरचे बॅज या गोष्टी शोधण्यातच महिने जातात. पिस्टन रिंग त्याआधी मिळेल. फ्रेम कापून ‘कॅफे रेसर’ (रेसच्या गाडीसारखी) केलेली, अर्धवट सोडलेली किंवा खोक्यात सुटी भरलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नवख्याने घेऊ नये.

बघायला जाताना

मालकाला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर सगळ्यात आधी सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांना हात लावून बघा. इंजिन कोमट लागलं तर थंड इंजिन सुरू होण्याची अडचण लपवली जाते आहे असं समजा. सोबत टॉर्च, मल्टिमीटर, प्लग पाना आणि जमलं तर कंप्रेशन गेज न्या.

कागद आधी. फ्रेम नंबर हेडस्टॉकवर (हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यावर) किंवा त्याच्या आसपास ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्ही कागदाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाखाली दबलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. जुन्या होंडांमध्ये फ्रेम आणि इंजिनाचे आकडे एकमेकांशी जुळत नसतात, त्यात घोळ नाही. ते कागदाशी जुळले की पुरे.

मग टाकीत टॉर्च मारा. हलका तांबूस थर चालेल. पापुद्रे सुटलेले असतील किंवा जुन्या कोटिंगची साल निघालेली असेल, तर ते काम वाढवणारं आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. बरोबर मध्यावर खाचेत अडकल्यासारखं झालं तर स्टीअरिंगचे बेअरिंग गेले आहेत. मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड जाणवली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बुश झिजलेत. फोर्कच्या नळ्यांवरून बोट फिरवा. सील जिथे सरकतं तिथे गंजाचे खड्डे असतील तर नवं सील घालूनही तेल गळत राहणार.

इंजिन सुरू झालं तर धूर बघा. थंडीतला पांढरट वाफारा विरून जातो, त्याची काळजी नको. काही वेळ उभी राहून सुरू करताना निळा झोत आला तर बहुधा वॉल्व्ह सील. ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंग किंवा बोअर. काळा धूर हा कार्बोरेटरचा विषय, त्याला घाबरू नका.

कंप्रेशन मोजताना इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले हवेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. हे शेवटचं विसरलं तर चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. एकच आकडा पकडून बसू नका. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आहे का ते पाहा. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगमध्ये दोष, न चढला तर वॉल्व्हमध्ये.

गाडी सुरूच होत नसेल तरी सौदा सोडू नका, पण इंजिन फिरतं की नाही ते पाहा. प्लग काढून किक हाताने दाबा. जाम इंजिन कधी सुटतं, कधी नाही. ‘थोडं ऑइल टाकलं की सुटेल’ असं मालक म्हणाला तरी भाव जाम इंजिनाचाच करा.

हाताशी काय हवं

मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यात आधी. त्यानंतर मिलिमीटरचे पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), मल्टिमीटर, आणि जपानी मानकाचे (जेआयएस) स्क्रू ड्रायव्हर.

जेआयएसबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या एका गोष्टीपायी हजारो कव्हरांची वाट लागली आहे. या गाड्यांवरचे अधिक-चिन्हाचे स्क्रू जपानी मानकाचे आहेत. ते नेहमीच्या फिलिप्ससारखेच दिसतात, आणि अनेकांच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही. जोर लावला की वर चढतं आणि खाच खाऊन टाकतं. दोन झटक्यांत अधिक-चिन्हाच्या खाचेचा गोल खळगा होतो आणि मग ड्रिल मारण्यावाचून उपाय उरत नाही. जेआयएसचं टोक मात्र तळाशी घट्ट बसतं. ॲल्युमिनियमच्या कव्हरमधले स्क्रू इतक्या वर्षांत धरून बसलेले असतात, म्हणून आधी भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा आणि मग जेआयएस बिट लावलेल्या इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा नेमका ठोका द्या. स्क्रू ‘टक’ करून सुटतो. परत बसवताना ॲलन बोल्ट वापरा, पण हाताच्या अंदाजाने आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे एका जोरात जातात.

पहिलं काम: ब्रेक

गाडी घरी आली की ती सुरू करायचा मोह आवरा आणि ब्रेक उघडा.

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातला) पिस्टन अनेकदा गंजून बसलेला असतो. होज सोडण्याआधी गाडीच्याच लिव्हरने दाब देऊन पिस्टन बाहेर ढकला. एकदा होज काढलात की हा फुकटचा जॅक हातातून गेला. पिस्टनच्या क्रोमवर खड्डे असतील तर पिस्टन नवा घ्या, सील तर नवंच. सील बसतं ती खोबण नीट खरवडा. तिथे साठलेला पांढरट कडक थर सीलला बाहेर ढकलतो आणि पिस्टन जागेवर परत जात नाही.

लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या तेलाच्या वाटीत तळाला दोन भोकं असतात. एक सहज दिसतं, दुसरं इतकं बारीक की डाग वाटावा. ते बारीक भोक बुजलं की लिव्हर सोडल्यावरही दाब उतरत नाही, ब्रेक धरून राहतो, डिस्क तापते. तांब्याच्या बारीक तारेने ते मोकळं करा. रबरी होज बाहेरून धड दिसले तरी आतून फुगलेले असतात. वयाकडे बघून बदला, शक्य असेल तर स्टीलची जाळी असलेले घ्या. फ्लुइड मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलं असेल तेच वापरा, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ते रंग खातं, म्हणून टाकीवर ओला फडका टाकून काम करा.

ड्रम ब्रेक असेल तर एक इशारा गंभीरपणे घ्या. त्या काळच्या शू आणि पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कधीही हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडावर मास्क ठेवा.

टायर, चाकं, बेअरिंग

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असो, काढून टाका. ट्यूब आणि रिमची पट्टीही नवी घाला. मूळ ३.२५-१९ आणि ४.००-१८ या मापांना आज १००/९०-१९ आणि ११०/९०-१८ असे टायर बसतात, पण आपल्या रिमची रुंदी तपासूनच घ्या. स्पोक एकेक वाजवून बघा, भद्द आवाज येणारा सैल आहे. स्टीअरिंगला टेपर रोलर बेअरिंग घातलेत तर हँडल पुन्हा तासनतास सरळ धरवतं. चाकांचे बेअरिंग स्वस्त असतात, चाक काढलेलंच आहे तर बदलून टाका. फोर्कचं जुनं तेल वास मारत बाहेर येईल. मॅन्युअलच्या मापाने नवं भरा.

टाकी आणि कार्बोरेटर

गाडी सुरू न होण्याचं कारण दहापैकी बहुतेक वेळा इथेच सापडतं.

टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने निघतो. रात्रभर ठेवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण वाळवा. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते, म्हणून वाळल्याबरोबर आत थोडं ऑइल फिरवा. कोटिंगच्या मी विरोधात आहे. ते कधी ना कधी सुटतं आणि त्याचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) जातात. नळीत एक साधा फिल्टर पुरतो. पेट्रोल कॉकची रबरं नवी घाला, कारण इथेनॉल मिसळलेलं आजचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. शिशाच्या पेट्रोलची चिंता मात्र करू नका. या ॲल्युमिनियम हेडांत वॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या आहेत.

कार्बोरेटर खोलताना एका वेळी एकच खोला, म्हणजे शंका आली तर शेजारचा बघता येतो. सगळं लक्ष पायलट जेटवर द्या. स्लो रनिंग आणि पाव थ्रॉटलपर्यंतचं पेट्रोल त्यातूनच जातं. जेट डोळ्याजवळ धरून उजेडाकडे बघा. मधोमध सुईच्या टोकाएवढा गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अर्धचंद्रासारखा किंवा धूसर दिसला तर जेट अजून साफ झालेला नाही, मग तो कितीही वेळ क्लिनरमध्ये बुडवलेला असो. गिटारची सगळ्यात बारीक तार त्यातून अलगद फिरवा. ड्रिल बिट किंवा जाड तार घालू नका. भोक वाढलं की जेट बाद. जेट ज्या नळीत बसतो त्या बॉडीतल्या वाटाही स्प्रेने तपासा. एका भोकातून मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून धारेने बाहेर आला पाहिजे. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा. मूळ पितळी जेट फेकू नका. स्वस्त किटमधल्या जेटची मापं बऱ्याचदा चुकीची असतात. किटमधले फक्त ओ-रिंग आणि गास्केट वापरा.

इनटेक रबर दगडासारखे झाले असतील तर नवेच लागतील. चालू इंजिनवर, ठिणगी-ज्वाळेपासून लांब राहून, त्यांच्याभोवती थोडं पाणी फवारा. आरपीएम हललं तर तिथून हवा ओढली जाते आहे. आणि मूळ एअर बॉक्स ठेवा. पॉड फिल्टर (थेट कार्बोरेटरवर बसणारे सुटे फिल्टर) सुंदर दिसतात, पण डायफ्रॅम असलेल्या कार्बोरेटरवर ते लावले की मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळते आणि जेटिंगच्या मागे महिने जातात.

एकाहून जास्त कार्बोरेटर असतील तर शेवटी व्हॅक्यूम गेज लावून सिंक करा, म्हणजे सगळे सारखे उघडतील असे जुळवा. तेही टॅपेट आणि टायमिंग (पुढच्या भागात येतं) झाल्यावरच, आधी नाही.

टॅपेट, पॉइंट, टायमिंग

टॅपेट (वॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली बारीक फट) पूर्ण थंड इंजिनवर लावा. जुन्या सिंगल कॅमच्या सीबी७५० ला इनटेक ०.०५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.०८ मिमी गॅप असतो. टकटक थोडी ऐकू आली तरी चालेल. गप्प टॅपेट म्हणजे गॅप संपलेला असू शकतो आणि तिथे वॉल्व्ह जळतो. जीएसला शिम (वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या) बदलावे लागतात, त्याचं खास हत्यार लागतं. पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या स्विचचा) गॅप साधारण ०.३ ते ०.४ मिमी. तो आधी लावा, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. रोजच्या वापरासाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं मला योग्य वाटतं. दिसण्यात काही बदलत नाही आणि दर काही महिन्यांनी पॉइंट घासायचं काम संपतं.

चार्जिंग

बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर नेल्यावर ती १३.८ ते १४.५ दरम्यान यायला हवी. त्याहून कमी असेल तर चार्ज होत नाही, १५ च्या पुढे गेली तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बॅटरी शिजवतो आहे. स्थिर चुंबकाच्या स्टेटरमधून तीन वायरी येतात, बहुधा पिवळ्या. त्यांतल्या प्रत्येक जोडीत रोध अगदी कमी आणि तिन्ही जोड्यांत सारखा हवा. कुठल्याही वायरीतून फ्रेमकडे करंट जाता कामा नये. जीएसचं दुखणं हेच. स्टेटर आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर एकमेकांना खातात. जळून तपकिरी झालेलं कनेक्टर हे पहिलं लक्षण, ते कापून नवं लावा. नवा रेग्युलेटर लावताना त्याची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. काचेचे फ्यूज काढून पातीचे फ्यूज लावा. जुन्या क्लिपा सैल पडून तापतात आणि मध्येच लाइट जातात. हेडलाइटला रिले घातला तर करंट पन्नास वर्षांच्या स्विचमधून न जाता थेट मिळतो, प्रकाश लक्षात येण्याइतका वाढतो.

ऑइल आणि पहिले पाचशे किलोमीटर

या फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. डब्यावर ‘जासो एमए’ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचं मानक) लिहिलेलं १०डब्ल्यू-४० घ्या. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलने क्लच घसरतो. पहिलं ऑइल दोनशे-तीनशे किलोमीटरलाच काढा, मागच्या अनेक वर्षांची घाण त्याबरोबर निघते. पुढे दर २५०० किलोमीटरला.

पहिले काही दिवस घरापासून चालत परत येता येईल एवढ्याच अंतरावर जा. प्रत्येक फेरीनंतर ॲक्सलचे नट, इंजिन माउंट, कॅलिपरचे बोल्ट आणि चेनचा ताण बघा. प्लग काढून टोक पाहा. फिकट चहाच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर. पांढरं फटक असेल तर गाडी उपाशी चालते आहे, तशी लांब पळवू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

सीटखाली कायम असू द्या: क्लच आणि थ्रॉटलची केबल, दोन प्लग, फ्यूज, इन्सुलेशन टेप, प्लग पाना, आणि पॉइंट ठेवले असतील तर एक कंडेन्सर. आणि एक वही. त्यात तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम लिहा. टॅपेट कधी लावले, कुठल्या जेटचा नंबर काय निघाला, कोणत्या बेअरिंगवर काय आकडा होता. पुढच्या वेळी तोच बेअरिंग मागवताना चाक पुन्हा खोलावं लागणार नाही.